ड्रॉ हातात असेल तर शेवटी बोला: पोकरच्या टेबलावरचं गणित आणि आपलं दुकान



या आठवड्याच्या व्हिडिओनंतर बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: "ताई, पोकरचं उदाहरण भारी होतं, पण गणित फार पटापट झालं. लिहून द्या." म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. गणित चौथी-पाचवीच्या वरचं नाही, पण नुसतं वाचून सोडून दिलं तर डोक्यात राहत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा लेख जुगार खेळा असं सांगायला लिहिलेला नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे. महाराष्ट्रात कसिनो चालत नाहीत; १९७६ चा जो कसिनो कायदा कागदावर होता, तोही २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात मांडवीतल्या कसिनो बोटींवर पोकरची टेबलं आहेत, पण धंद्याचं भांडवल घेऊन तिथे जाणाऱ्याला मी हात जोडून परत पाठवीन. मग पोकरच का? कारण "आत्ता पैसे घालायचे, फळ पुढे मिळेल की नाही माहीत नाही" हा प्रकार तिथे आकड्यांत स्पष्ट दिसतो. आपल्या धंद्यात तो रोज होतो, फक्त आकडे लपलेले असतात.

आधी खेळ समजून घेऊ

तीनपत्ती बहुतेकांना माहीत असते, दिवाळीत घरोघरी होते. तिथे तुमची तीन पानं तुमचीच. टेक्सास होल्डेम या पोकर प्रकारात वेगळं आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलाच्या मध्ये पाच पानं उघडी मांडली जातात, ती सगळ्यांची सामायिक. या सात पानांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो जिंकला.

मधली पाच पानं एकदम येत नाहीत. आधी तीन (याला फ्लॉप म्हणतात), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची फेरी होते. आपली पाळी आली की चार पर्याय: चेक म्हणजे पैसे न लावता पुढे जाणं, कॉल म्हणजे समोरच्याने लावले तेवढे भरणं, रेज म्हणजे वाढवणं, आणि फोल्ड म्हणजे पानं खाली टाकणं. मध्ये जमलेले पैसे म्हणजे पॉट.

आपण ज्या टेबलाबद्दल बोलतोय ते म्हणजे लास व्हेगासमधलं छोटं टेबल, ज्याला तिथे वन-थ्री म्हणतात. म्हणजे पानं बघण्याआधी एका खेळाडूने १ डॉलर आणि त्याच्या शेजारच्याने ३ डॉलर सक्तीने लावायचे. बसणारे लोक सहसा २००-३०० डॉलर घेऊन बसतात. सुट्टीला आलेले, दिवसभराच्या कामानंतर आलेले, निवृत्त काका. यांची सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल: हे लोक कॉल फार करतात. पानं टाकायचा त्यांना कंटाळा. मजा करायला आलेत, टाकून देऊन काय बघत बसायचं?

ड्रॉ म्हणजे काय

ड्रॉ म्हणजे आत्ता हातात काहीच नाही, पण योग्य पान आलं तर खूप काही आहे.

समजा तुमच्याकडे इस्पीक गुलाम आणि इस्पीक दश्शी आहे. फ्लॉपवर आलं: इस्पीक राजा, इस्पीक पंजी, चौकट दुर्री. आत्ता तुमच्याकडे साधी जोडीसुद्धा नाही. पण इस्पीकची चार पानं झाली. अजून एक इस्पीक आलं की पाच पानं एका रंगाची, म्हणजे फ्लश. हा झाला फ्लश ड्रॉ.

इस्पीकची एकूण १३ पानं. चार दिसतायत. उरली ९. जी पानं आली की तुमचं काम होतं, त्यांना आउट्स म्हणतात. तुम्हाला न दिसलेली पानं ५२ वजा ५, म्हणजे ४७. तर पुढचंच पान इस्पीक असण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे साधारण १९ टक्के.

वहीत लिहून ठेवा:

१. फ्लश ड्रॉ: ९ आउट्स, पुढच्या पानावर साधारण १९ टक्के.
२. दोन्ही टोकांनी उघडा सीक्वेन्स (हातात ८-७, टेबलावर ९-६, दश्शी किंवा पंजी चालेल): ८ आउट्स, १७ टक्के.
३. मधलंच एक पान हवं असलेला सीक्वेन्स: ४ आउट्स, साडेआठ टक्के.
४. फ्लश ड्रॉ आणि उघडा सीक्वेन्स दोन्ही एकत्र: १५ आउट्स, ३२ टक्के.

टेबलावर कॅल्क्युलेटर काढता येत नाही, म्हणून खेळाडू एक सोपी युक्ती वापरतात: आउट्स गुणिले दोन, म्हणजे पुढच्या एका पानाची शक्यता. आउट्स गुणिले चार, म्हणजे टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून. फ्लश ड्रॉला चारने गुणलं तर ३६ येतात. खरा आकडा ३५. चालतंय.

या "गुणिले चार"नेच जास्त लोक बुडतात. ते पुढे बघू.

पोझिशन: सगळ्यांचं ऐकून मग बोलणं

टेबलावर एक गोल चकती फिरत असते, डीलर बटण. ती ज्याच्यासमोर, तो फ्लॉपपासून पुढच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी बोलतो. याला म्हणतात पोझिशनमध्ये असणं.

शेवटी बोलण्यात फायदा काय? आपलं उदाहरण पुढे नेऊ. तुम्ही बटणावर आहात. तिघांनी ३-३ डॉलर भरलेत, तुम्हीही भरलेत, सक्तीचे लावणारे दोघंही आत आहेत. सहा जण गुणिले ३, पॉट १८ डॉलर. फ्लॉप वरचाच. पहिला खेळाडू १२ डॉलर लावतो. एक जण कॉल करतो. बाकी तिघं पानं टाकतात. आता पाळी तुमची.

पॉटमध्ये आहेत १८ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ४२ डॉलर. तुम्हाला भरायचे आहेत १२. आणि तुमच्या मागे बोलणारं कुणी उरलेलं नाही. म्हणजे १२ डॉलर ही अंतिम किंमत आहे.

हेच तुम्ही पहिल्या किंवा दुसऱ्या खुर्चीत असता तर? तुम्ही १२ भरले असते आणि मागून कुणीतरी "पन्नास" म्हटलं असतं. आता १२ घालवून सोडा किंवा आणखी ३८ भरा. पान तेच, शक्यता तीच, पण किंमत तुम्ही पैसे भरल्यानंतर बदलली. म्हणून ड्रॉ लवकरच्या खुर्चीतून महाग पडतो.

शेवटच्या खुर्चीचे चार फायदे लिहून घ्या:

१. किंमत पक्की कळल्यावर निर्णय घेता येतो.
२. सगळ्यांनी चेक केलं तर तुम्हीही चेक करून पुढचं पान फुकट बघू शकता.
३. तुमचं पान लागलं तर शेवटचा शब्द तुमचा. आधीच्या खुर्चीतून पान लागलं की प्रश्न पडतो: मी लावू की तो लावेल म्हणून थांबू? थांबलो आणि त्यानेही चेक केलं तर जिंकलेला डावही रिकामा जातो. शेवटी बोलणाऱ्याला हा प्रश्न नाही.
४. पान नाही लागलं आणि सगळे गप्प असले, तर तुम्हीही गप्प राहून एक पैसाही न घालवता डाव संपवता.

१२ डॉलर भरायचे का?

आता आपलं नेहमीचं हिशोब-वहीचं काम. टक्केवारी बाजूला ठेवू. समजा हा डाव तंतोतंत ४७ वेळा झाला आणि प्रत्येक न दिसलेलं पान एकेकदा आलं.

३८ वेळा इस्पीक येणार नाही. ३८ गुणिले १२, म्हणजे ४५६ डॉलर गेले.
९ वेळा येईल. ९ गुणिले ४२, म्हणजे ३७८ डॉलर आले.

तूट ७८ डॉलर. म्हणजे नुसत्या समोरच्या पॉटकडे बघितलं तर हा कॉल थोडा तोट्याचा.

पण थांबा. इस्पीक आल्यावर डाव तिथेच संपत नाही. राजाची जोडी घेऊन बसलेला माणूस पुढेही पैसे भरणार आहे. ७८ भागिले ९ केलं तर येतात साधारण ९ डॉलर. म्हणजे फ्लश लागल्यावर प्रत्येक वेळी सरासरी फक्त ९ डॉलर जास्त मिळाले तरी तोटा नाही. त्यावर मिळालं तो नफा. वर म्हटलं तसे, या टेबलावरचे लोक पानं टाकत नाहीत. राजाची जोडी असलेला २०-२५ डॉलर तरी सहज भरतो. म्हणून हा कॉल योग्य. पुढे मिळू शकणाऱ्या या पैशांसकटच्या भावाला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात.

मात्र हा भाव हवेत धरायचा नाही. तीन अटी तपासा.

पहिली: समोरच्याकडे पैसे उरलेत का? त्याच्यासमोर १० डॉलरच शिल्लक असतील तर तुमचा फ्लश कितीही सुंदर असो, मिळणार दहाच.

दुसरी: तुमचं पान लागलं हे त्याला दिसतं का? टेबलावर तीन इस्पीक दिसले की झोपलेलाही जागा होतो. सीक्वेन्स मात्र पटकन दिसत नाही. म्हणून सीक्वेन्सच्या ड्रॉला एखादं आउट कमी असूनही कधीकधी जास्त पैसे मिळतात.

तिसरी: तुमचं पान लागूनही तुम्ही हरू शकता का? इथे तुमचा फ्लश गुलामाचा. कुणाकडे इस्पीक एक्का किंवा राणी आणि सोबत आणखी एक इस्पीक असेल तर इस्पीक येताच तो खूश आणि तुम्हीही खूश, पण पैसे त्याचे. पाच-सहा जण पॉटमध्ये असतील तेव्हा ही भीती खरी असते. लहान रंगाच्या ड्रॉला म्हणूनच थोडं कमी भाव द्यायचा.

शिवाय कसिनो प्रत्येक पॉटमधून आपला कट घेतो, साधारण दहा टक्के आणि त्याला वरची मर्यादा. आपल्या हिशोबात तो धरलेला नाही. छोट्या टेबलावर तो चांगलाच जाणवतो, जसं छोट्या दुकानाला पेमेंट मशीनचं कमिशन आणि पॅकिंगचा खर्च जाणवतो. म्हणून काठावरचा निर्णय असेल तर सोडून द्या.

टर्न: तोच ड्रॉ, पण आता सोडायचा

तुम्ही १२ भरले. पॉट झाला ५४. टर्नवर आली बदाम अठ्ठी. इस्पीक नाही. आता न दिसलेली पानं ४६, आउट्स तीच ९. त्यातली इस्पीक अठ्ठी तुम्हाला फ्लश देईल, पण टेबलावर अठ्ठीची जोडीही करेल आणि त्यातून कुणाचं फुल हाउस होऊ शकतं. इस्पीक दुर्रीचंही तसंच. हिशोबाला आपण ९ च धरू, उदार होऊन.

तीन शक्यता बघा.

पहिली: दोघंही चेक करतात. तुम्हीही चेक करा. पुढचं पान फुकट. ही शेवटच्या खुर्चीची भेट.

दुसरी: पहिला खेळाडू २० डॉलर लावतो, दुसरा पानं टाकतो. पॉट ७४, भरायचे २०. ४६ वेळांचा हिशोब: ३७ वेळा २० गेले, म्हणजे ७४०. ९ वेळा ७४ आले, म्हणजे ६६६. तूट ७४, म्हणजे लागल्यावर प्रत्येक वेळी साधारण ८ डॉलर जास्त हवेत. मिळतील. भरा.

तिसरी: तो ६० डॉलर लावतो. पॉट ११४, भरायचे ६०. ३७ वेळा ६० गेले, म्हणजे २,२२०. ९ वेळा ११४ आले, म्हणजे १,०२६. तूट १,१९४. म्हणजे फ्लश लागल्यावर प्रत्येक वेळी त्याच्याकडून सरासरी १३३ डॉलर जास्त काढावे लागतील. आता त्याच्यासमोर किती आहेत ते बघा. तो २०० घेऊन बसला होता. ३, १२ आणि ६० लावून झाले. उरले १२५.

म्हणजे प्रत्येक वेळी त्याने खिशातला शेवटचा डॉलरही तुम्हाला दिला, तरी हिशोब बसत नाही. पानं खाली टाका. पुढचं पान इस्पीक आलं तरी निर्णय बरोबरच होता.

हे शेवटचं वाक्य फार लोकांना पचत नाही. अॅनी ड्यूक या अमेरिकेतल्या माजी व्यावसायिक पोकर खेळाडू. त्यांच्या २०१८ च्या 'थिंकिंग इन बेट्स' या पुस्तकाचा एक मोठा भाग याच सवयीवर आहे: निकालावरून निर्णयाला मार्क देणं. शेजाऱ्याने कर्ज काढून दुकान टाकलं आणि चाललं, म्हणून निर्णय चांगला होता असं नाही. तुम्ही नाही टाकलं आणि पुढे त्या जागेचा भाव वाढला, म्हणून तुम्ही चुकलात असंही नाही.

"गुणिले चार"चा सापळा

आता वर सोडलेला मुद्दा. फ्लॉपवर अनेक जण म्हणतात, "मला ३५ टक्के चान्स आहे की!" बरोबर, पण दोन पानांना मिळून. आणि त्या दोन पानांना दोन तिकिटं लागतात. १२ डॉलर हे फक्त टर्नचं तिकीट होतं. रिव्हरचं तिकीट वेगळं आहे आणि त्याची किंमत अजून छापलेली नाही.

३५ टक्के धरायचे तेव्हाच, जेव्हा पुढे काहीही भरावं लागणार नाही हे पक्कं असेल. म्हणजे कुणाचे तरी सगळे पैसे आत्ताच पॉटमध्ये गेलेले असतील. नाहीतर एका पानाची शक्यता आणि एका पानाची किंमत, अशीच जोडी लावायची.

धंद्यात हा सापळा रोज दिसतो. "वर्षभरात हा एरिया डेव्हलप होईल" ही शक्यता वर्षाची, आणि हिशोबात धरलेलं भाडं मात्र पहिल्या तीन महिन्यांचं.

ब्लफबद्दल दोनच शब्द

ड्रॉ असताना कॉल न करता रेज करण्याला सेमी-ब्लफ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन पोकर लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांची. समोरच्याने पानं टाकली तर लगेच जिंकलात, नाही टाकली तर तुमचं पान येण्याची शक्यता आहेच. चांगली कल्पना आहे, पण तिचा अर्धा जीव "समोरचा पानं टाकेल" यात आहे. छोट्या टेबलावरचे काका पानं टाकत नाहीत. तिथे सेमी-ब्लफ क्वचित करायचा, तोही समोर एकच विचार करणारा खेळाडू असेल तेव्हा. जो भाव बघूनही घेतोच अशा गिऱ्हाइकाला घाबरवण्यात अर्थ नाही. त्याला चांगला माल दाखवा आणि पूर्ण भाव घ्या.

आता आपल्या गल्ल्यावर येऊ

एका प्रेक्षक ताईंचा प्रश्न आला होता. आकडे बदलून देते, म्हणजे ओळख पटणार नाही.

"ताई, माझं ज्यूस आणि नाश्त्याचं छोटं दुकान आहे. महिन्याला १८ हजार खिशातून घालतेय. समोर मोठ्या क्लासेसची इमारत बांधून होतेय, सहा महिन्यांत चालू होईल असं सगळे म्हणतात. एकदा मुलं आली की महिन्याला सगळा खर्च जाऊन २५ हजार सुटतील. कराराचे २० महिने बाकी आहेत. बंद करू की ओढू? आत्तापर्यंत साडेतीन लाख गेलेत."

हा ड्रॉ आहे. आत्ता हातात काही नाही, एक पान आलं तर चांगलं आहे.

पहिलं काम: ते साडेतीन लाख हिशोबातून काढा. बीबीएला आम्ही त्याला संक कॉस्ट म्हणून पाठ करायचो, पोकरवाले साध्या भाषेत सांगतात: पॉटमध्ये टाकलेले पैसे तुमचे नाहीत, पॉटचे आहेत. कठोर वाटतं, मला माहीत आहे. त्यात त्यांची एफडी होती. पण पुढचा निर्णय पुढच्या पैशांवरच होतो.

दुसरं काम: इथे ४७ पानं मोजता येत नाहीत. इमारत कधी चालू होईल याची खरी शक्यता कुणालाच माहीत नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: हा खर्च परवडायला किमान किती शक्यता हवी? एकूण भरायचे पैसे भागिले लागल्यास मिळणारे पैसे.

सहा महिने वाट बघितली तर: भरणार १ लाख ८ हजार. मग उरतात १४ महिने, गुणिले २५ हजार, म्हणजे साडेतीन लाख. १.०८ भागिले ३.५, म्हणजे किमान ३१ टक्के शक्यता हवी.

नऊ महिने लागले तर: भरणार १ लाख ६२ हजार. उरतात ११ महिने, म्हणजे पावणेतीन लाख. किमान ५९ टक्के हवी.

बारा महिने लागले तर: भरणार २ लाख १६ हजार. उरतात ८ महिने, म्हणजे २ लाख. किमान शक्यता १०८ टक्के. म्हणजे इमारत शंभर टक्के चालू होणार असली, तरी तोटा. हीच आपली ६० डॉलरवाली टर्न. समोरच्याचे सगळे पैसे मिळाले तरी भागत नाही.

आता त्यांना "ओढू का?" हा मोघम प्रश्न उरला नाही. प्रश्न झाला: सहा महिन्यांत चालू होण्याची शक्यता एक तृतीयांशापेक्षा जास्त आहे का? आणि मग त्याची माहिती काढता येते. बिल्डरच्या माणसाला विचारा, क्लासवाल्यांनी ॲडमिशन घ्यायला सुरुवात केली का बघा, लिफ्ट बसली का, वीज मीटर आले का, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का बघा. "सगळे म्हणतात" हे आउट नाही.

तिसरं काम: किंमत कमी करा आणि शेवटच्या खुर्चीत जा. त्यांना मी सुचवलं ते असं. मालकाशी बोलून इमारत चालू होईपर्यंत भाडं कमी करून मागा; रिकामा गाळा त्यालाही नकोच असतो. दुकान फक्त सकाळी नाश्त्याच्या वेळी चालवा. करारातलं लॉक-इन कधी संपतं ते बघा आणि त्यानंतर दर महिन्याला नव्याने ठरवा. १८ हजारांचे ९ हजार झाले तर सहा महिन्यांची किंमत ५४ हजार होते आणि लागणारी शक्यता ३१ वरून १५ टक्क्यांवर येते. इमारत तीच, मुलं तीच, फक्त तिकीट स्वस्त.

आणि एक तारीख वहीत लिहायला सांगितली: या दिवसापर्यंत दार उघडलं नाही तर पानं खाली. तारीख आजच लिहायची. त्या दिवशी मन म्हणणारच, "अजून एकच महिना."

शेवटची खुर्ची कशी मिळवायची

टेबलावर बटण आपोआप फिरत येतं. धंद्यात ते मागून घ्यावं लागतं. काही मार्ग तुमच्या आजूबाजूलाच आहेत:

१. आधी बुकिंग, मग माल. दिवाळीचा फराळ करणाऱ्या भगिनी ॲडव्हान्स घेऊन ऑर्डर लिहून घेतात आणि मग बेसन आणतात. गिऱ्हाईक आधी बोललं, तुम्ही नंतर.
२. जांगड माल. साडी, दागिने, काही ठिकाणी भेटवस्तूंच्या धंद्यात व्यापारी परत घेण्याच्या बोलीवर माल देतात. मार्जिन थोडं कमी मिळेल, पण न विकलेल्याचं ओझं तुमच्यावर नाही.
३. गाळा घेण्याआधी स्टॉल. प्रदर्शनात, आठवडी बाजारात दोन-चार वेळा बसा. लोक काय उचलतात ते दिसेल.
४. करारात लॉक-इन लहान ठेवा. लांब लॉक-इन म्हणजे दोन पानांचे पैसे एकदम भरणं. त्या बदल्यात भाडं खरंच कमी होत असेल तर ठीक, नाहीतर नको.

प्रत्येक वेळी शेवटी बोलता येईलच असं नाही. गणपतीच्या मूर्ती, राख्या, छत्र्या यांचा माल हंगामाआधीच भरावा लागतो. तिथे लवकरच्या खुर्चीतला नियम पाळायचा: कमी ड्रॉ, छोटी रक्कम, आणि हरलो तर घरखर्चाला हात लागणार नाही एवढंच भांडवल. पाचपैकी चार वेळा पान न लागणं हे फ्लश ड्रॉमध्ये नेहमीचं आहे. गणित बरोबर असूनही लागोपाठ सहा-सात वेळा हरता येतं. त्या सहा-सात वेळा टेबलावर टिकून राहता येईल एवढे पैसे नसतील, तर बरोबर गणिताचाही उपयोग नाही.

गृहपाठ

तुमच्या धंद्यातला, किंवा डोक्यात असलेल्या धंद्यातला, एक ड्रॉ निवडा आणि पाच ओळी लिहा:

१. नेमकं कोणतं "पान" आलं तर काम होईल?
२. ते येईपर्यंत एकूण किती भरावं लागेल? सगळ्या तिकिटांचे मिळून.
३. आलं तर एकूण किती मिळेल, आणि ते देणाऱ्याकडे तेवढे आहेत का?
४. दोन भागिले तीन: किमान किती शक्यता हवी?
५. भरण्याआधी आणखी कुणाचं बोलणं ऐकता येईल, आणि पानं टाकायची तारीख कोणती?

उत्तर १०० टक्क्यांच्या वर आलं तर घाबरू नका. पैसे भरायच्या आधी कळलं, हे चांगलंच झालं. तुमच्या पाच ओळी कमेंटमध्ये टाका, दुकानाचं नाव न लिहिता. पुढच्या व्हिडिओत त्यातले तीन हिशोब आपण फळ्यावर मांडू. पुढचा विषय आहे उधारी: गिऱ्हाइकाला किती दिवस द्यायचे आणि कधी थांबायचं.

भेटू पुढच्या आठवड्यात!